मावशीच्या जावयाचा विमा

आमच्या भावोजींचं खरं नाव एम्रिस प्रॉसर. माणूस वेल्सचा. पण थायलंडातल्या आमच्या प्रचुआप गावच्या जिभेला शब्दाच्या शेवटचा 'स' झेपत नाही, त्याचा 'त' होतो, आणि 'र'चा 'ल' कधी झाला ते आमचं आम्हालाही कळत नाही. म्हणून एम्रिसचे एमलित झाले, आणि पुढे सगळी गल्ली त्यांना लितकाका म्हणायला लागली. मी बुप्फा, त्यांना भावोजी म्हणते, कारण माझ्या मावसबहिणीचे, सुनीताईचे, ते नवरा.

सुनीताई समुद्राच्या कठड्याशी सुकवलेले माकूळ मासे विकायची. मोटरसायकलला बाजूला गाडा जोडलेला, त्यावर माकुळांच्या दोऱ्या. भावोजी सुट्टीवर आलेले. एक पुडी घ्यायला थांबले आणि माकूळ सोडून गाड्याचं चाकच बघत बसले. वेल्समध्ये आयुष्यभर बस डेपोत ब्रेक तपासायचं काम केलेलं, नजर दुसरीकडे जाणार कुठे! तिच्याकडून पाना मागितला, रस्त्यातच उकिडवे बसले आणि ब्रेक उघडला. सुनीताई नंतर सांगायची, "पहिल्याच भेटीत या गोऱ्यानं माझे हात काळे केले." पुढे नोकरीतून मोकळे झाल्यावर ते म्हाताऱ्या परदेशी लोकांना मिळतो तो लांब मुक्कामाचा व्हिसा काढून आले. सुनीताईशी लग्न केलं आणि माझ्या घरामागच्या तिच्या लाकडी घरात राहायला लागले. त्या घरात तिची आई होती. म्हणजे माझी चानमावशी.

सुनीताई आजारी पडली, आमच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात बरेच दिवस होती, आणि गेली. सगळ्यांना वाटलं, आता हे आपल्या गावाला जाणार. मावशीनं तर दिवसपाणी उरकताच विचारलं.

"जावईबापू, सामान कधी बांधताय?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? बायको गेली. आता इथं कोण आहे तुमचं?"

"तुमची पेज कोण भरवणार?"

"माझी भाची आहे की."

"ती मीठ फार घालते."

हे माझ्यासमोर! माझी भाताच्या पेजेची गाडी आहे, आणि पहाटे बोटीवरून उतरणारे कोळी माझ्याच हातची पेज पिऊन झोपायला जातात. पण मावशी तोंडभर हसली. तिचे पाय गेलेत, दात गेलेत, नव्वदी कधीच ओलांडली, जीभ मात्र शाबूत आहे. ती म्हणाली, "ते मात्र खरं." विषय संपला. भावोजी राहिले. सकाळी तिला उचलून न्हाणीत नेणं, केस विंचरणं, पानाचा विडा खलबत्त्यात कुटून देणं, सगळं हेच करत. लेकानं केलं नसतं असं जावयानं केलं.

असं सुरळीत चाललेलं असताना त्यांच्या विमा कंपनीनं कळवलं, की ती आमच्या देशातला धंदा आवरते आहे. आता त्यांचा व्हिसा ज्या प्रकारचा, त्याला दरवर्षी आजारपणाच्या विम्याचा कागद लागतो. कागद नाही तर शिक्का नाही. आणि शिक्का सोंगक्रानच्या, म्हणजे आमच्या एप्रिलमधल्या नववर्षाच्या, सणाआधी हवा होता. भावोजी तेव्हा पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर. त्या वयाच्या माणसाचा नवा विमा काढायला कोण तयार होतं!

आमच्या गावात विरोत म्हणून एक विमा एजंट आहे. मोटारी, घरं, बोटी, जे बुडू शकतं त्या सगळ्याचा विमा काढतो. गोलमटोल, घामेजलेला, पण मनानं चांगला. तो आठवडाभर फोन लावत बसला. एका कंपनीनं वय ऐकूनच फोन ठेवला. दुसरीनं गुडघा धरला. भावोजींचा एक गुडघा डेपोत असतानाच मोडलेला होता. तिसरी म्हणाली, घेऊ, पण आधी पूर्ण तपासणी करून आणा.

"तपासणी म्हणजे काय, काका, तुमच्यासारख्या माणसाला हातचा मळ," विरोत म्हणाला. "रोज सकाळी आओ मनाओच्या खाडीत पोहता तुम्ही. मला जिना चढवत नाही."

खरंच होतं ते. रक्त चांगलं, साखर चांगली, छातीचा आलेख चांगला. आणि मग सरकारी दवाखान्यातल्या नर्सनं दंडाला पट्टा बांधला. यंत्राकडे बघून तिनं तो सोडला, दुसऱ्या दंडाला बांधला, आणि मग काही न बोलता भावोजींना आडवं केलं. रक्तदाब असा चढलेला, की तिला वाटलं आता हा माणूस इथंच कोसळणार.

आठवड्यानं हुआ हिन शहरातल्या खासगी दवाखान्यात गेलो. तिथं गार हवा, गुलाबी खुर्च्या, लिंबाचं सरबत. तरी तेच. कंपनीनं कळवलं की असा रक्तदाब असेल तर क्षमा करा.

मला पटेना. मला स्वतःला बीपीचा त्रास आहे, घरात यंत्र आहे. दुसऱ्या दिवशी ओट्यावर ते मावशीचा विडा कुटत बसलेले असताना मी पट्टा बांधला. आकडा तरण्या पोराचा! यंत्र बिघडलं म्हणून मी माझ्या दंडाला लावलं, तर माझाच वर.

"यंत्र ठीक आहे," भावोजी म्हणाले. "बिघडलेली तू आहेस."

पण घरच्या यंत्राचा आकडा कंपनी कशाला मानते? विरोत आला, चप्पल काढून ओट्यावर बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, एक मार्ग आहे. एका कंपनीत तपासणीच नाही. नुसते प्रश्न आहेत. रक्तदाबाचा त्रास आढळला आहे का? आपण म्हणायचं, नाही. गुडघा? नाही. संध्याकाळी कागद हातात."

"पण आढळलाय."

"कुणाला कळतंय?"

भावोजींनी खलबत्ता खाली ठेवला. "विरोत, मी आयुष्यभर बसच्या ब्रेकवर सही केली. ब्रेक लागत नसताना लागतो असं एकदाही लिहिलं नाही. साहेब म्हणायचे, लिही रे, गाडी उशिरा निघतेय. मी म्हणायचो, तुम्ही बसा आधी गाडीत."

"हा ब्रेक नाही, काका. हा विमा आहे."

"तेच आहे. उद्या मी पडलो, की कंपनी म्हणेल म्हातारा खोटं बोलला, देत नाही पैसे. मग दवाखान्याचं बिल या बुप्फाच्या दारात."

विरोत ओशाळला. माणूस वाईट नाही तो. त्यालाही भावोजी जायला नको होते.

भावोजींची एक भाची वेल्समध्ये असते. तिला त्यांनी त्याच दिवशी फोन केला. ती म्हणाली, खोली रिकामी आहे, या, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. मी पेजेची भांडी घासत सगळं ऐकत होते. त्यांची भाषा मला कळत नाही, पण मावशीचं नाव ते दोनदा बोलले, तेवढ्यानं कळायचं ते कळलं.

मग मीच त्यांना घेऊन निघाले. "कुठं?" म्हणाले. मी म्हटलं, "अननस आणायला." गावाबाहेर अननसाच्या शेतांजवळ टपरीवर थांबलो. मीठ-मिरची लावलेल्या फोडी खाता खाता मी सरळ विचारलं.

"भावोजी, दवाखान्यात तुम्हाला होतं काय?"

त्यांनी हातातली फोड खाली ठेवली. मग म्हणाले, "वास येतो. फरशी पुसतात त्याचा. सुनी आत होती तेव्हा मी बाहेर खुर्चीवर बसायचो. दार उघडलं, की वाटायचं, आता सांगणार. दर वेळी. अजूनही पांढरा कोट दिसला की वाटतं, आता सांगणार. मग एके दिवशी सांगितलंच. सुनी जवळ गेली म्हणून."

आमच्या भाषेत 'जवळ' आणि 'दूर' हे शब्द जवळपास एकच आहेत. नुसता सूर बदलतो. भावोजींना तो सूर इतक्या वर्षांत जमला नाही. त्यांना म्हणायचं होतं 'दूर'. मी दुरुस्त केलं नाही. आमच्यात कुणीच करत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच सरकारी दवाखान्यात गेले आणि डॉक्टर पच्चरा यांच्या खोलीबाहेर नंबर लावला. हृदयाच्या डॉक्टर, वयानं लहान, बोलायला रोखठोक. मी सगळं सांगितलं. विमा, सोंगक्रान, मावशी, फरशीचा वास. त्या मध्येच म्हणाल्या, "थांबा. खुर्चीवरचे काका का? पाण्याच्या कूलरचा नळ दुरुस्त करून गेले होते ते?"

"तेच असणार," मी म्हटलं.

"अहो, मग आधी यायचं नाही का! बऱ्याच लोकांना होतं हे. आम्हाला बघितलं की चढतं, घरी गेले की उतरतं. त्यावर यंत्र आहे. दंडाला पट्टा, कमरेला डबी, पूर्ण दिवस आणि रात्र अंगावर. दर थोड्या वेळानं आपोआप मोजतं. हा पुरावा कंपनीला डावलता यायचा नाही. फक्त एक, त्यांनी रोजच्यासारखं राहायचं. पाण्यात मात्र उतरायचं नाही."

"आणि खरंच बीपी असेल तर?"

"तर गोळी देईन. तेही लपवायचं कशाला?"

भावोजींना हे पटलं. "म्हणजे गाडी रस्त्यावर चालवून बघायची," म्हणाले. "डेपोत उभी करून नाही." यंत्र बांधून घेताना त्यांचा चेहरा पांढराफटक होता. पहिला आकडा भयंकर आला. डॉक्टर म्हणाल्या, "येऊ दे. हा माझं तोंड बघून आलेला आकडा आहे. जा आता घरी."

चूक माझी झाली. मी गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं, की आज लितकाकांना कुणी त्रास द्यायचा नाही. झालं! शेजारच्यानं कोंबडा टोपलीखाली झाकला. आईस्क्रीमवाला भोंगा न वाजवता गेला, आणि त्यामुळे पोरं रडायला लागली. माझ्या गाडीवर कोळी कुजबुजून पेज मागत होते. भावोजी रस्त्यानं चालले की लोक वाट सोडून बाजूला उभे राहत, जसं काही त्यांच्या कमरेला बाँब बांधलाय. पट्टा फुगला की सगळे श्वास धरत.

"काय चाललंय हे?" भावोजी म्हणाले. "कोण मेलं?"

संध्याकाळी ते देवळाच्या अंगणात पेटांक खेळायला गेले. लोखंडी गोळे टाकून लाकडी चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे, हा आमच्याकडचा म्हाताऱ्यांचा खेळ. समोर निवृत्त हवालदार सनान, ज्यांना हरवणं म्हणजे खडकाला घाम आणणं. त्या दिवशी हवालदारांचा पहिला गोळा गेला भिंतीला. दुसरा गेला भिक्खूंच्या धुतलेल्या वस्त्रांखाली. भावोजींनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं आणि भडकले.

"मुद्दाम हरताय?"

"छे छे, हात दुखतोय," हवालदार म्हणाले.

"खोटं बोलता! देवळात उभं राहून! मी काय आजारी आहे? खेळा नीट, नाहीतर जातो मी!"

आणि नेमका तेव्हाच पट्टा फुगायला लागला. सगळं अंगण दगडासारखं उभं. भावोजी लालबुंद, पट्टा करकर आवळतोय, हवालदार कानाला हात लावून उभे. गेलं, म्हटलं मी. मीच घालवलं.

घरी आले ते पाय आपटत. मावशी पलंगावर बसलेली. तिला मी काही सांगितलं नव्हतं, कारण सांगून उपयोग नसतो.

"कुठं उलथला होतात? माझा विडा कुठाय? केस कुणी विंचरायचे, तुमच्या बापानं?"

"येतोय, आई."

"येतोय म्हणे! पाय घासत येताय म्हशीसारखे. आणि दंडाला काय बांधलंय हे? ताईत?"

"बीपीचं यंत्र आहे."

"काढा ते. यंत्रानं कुणी जगतं का? विडा बारीक कुटा, परवासारखा दगड नको."

भावोजी खाली बसले, खलबत्ता पुढे ओढला. ती बोलत राहिली. शेजारणीची सून, पूर्वीचा समुद्र, आताचे महागडे खेकडे, जावयाचं नाक. ते "हो आई, हो आई" करत कुटत राहिले. पट्टा फुगला तेव्हा त्यांनी कुटायचा हात थांबवला, दंड सैल सोडला आणि डोळे मिटले. मी दारातून बघत होते. मावशीच्या तोंडाचा पट्टा चालूच होता, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी इतकी शांतता देवळातल्या भिक्खूच्या चेहऱ्यावरही बघितली नाही.

सकाळी यंत्र परत दिलं. डॉक्टर पच्चरांनी पडद्यावर आलेख काढला आणि आम्हा तिघांना, म्हणजे भावोजी, मी आणि घाम पुसणारा विरोत, समोर बसवलं.

"हा पहिला डोंगर म्हणजे मी. हा शेवटचा डोंगर, तोही मीच. मधे बघा. सपाट. झोपेत तर माझ्यापेक्षा चांगलं. फक्त हे इथं, संध्याकाळी, एक टेकाड आहे. काय केलंत?"

"हवालदार सनान," भावोजी म्हणाले.

डॉक्टरांनी अहवाल लिहिला, दवाखान्यात चढतो हेही लिहिलं, गुडघाही लिहिला. काहीच गाळलं नाही. विरोतनं तो नुसता पाठवला नाही. पहाटेची गाडी पकडून स्वतः बँकॉकला गेला, तिसऱ्या कंपनीच्या कचेरीत बसून राहिला, आणि म्हणाला, तुमच्या डॉक्टरांनी माझ्या माणसाशी बोलल्याशिवाय मी उठत नाही. बोटींचे विमे काढणारा हा माणूस एका म्हाताऱ्यासाठी असा हटून बसेल असं मला वाटलं नव्हतं.

दुपारी फोन आला. कंपनीचे वैद्यकीय अधिकारी. भावोजींनी फोनचा आवाज मोठा केला. सोबत आम्ही सगळे ओट्यावर. रोज किती चालता, किती पोहता, काय पिता? भावोजींनी सगळं खरंखरं सांगितलं, शनिवारच्या दोन बिअरसकट.

"आणि संध्याकाळचं हे काय आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"पेटांक. समोरचा मुद्दाम हरत होता."

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला, आणि कळलं की ते हसत आहेत. "माझे वडील याच कारणासाठी सख्ख्या भावाशी वर्षभर बोलले नव्हते," ते म्हणाले. "ठीक आहे. विमा देऊ. त्या गुडघ्याचा खर्च मात्र आम्ही उचलणार नाही."

"गुडघा माझा मी बघतो," भावोजी म्हणाले.

मी किंचाळलेच. शेजारचा कोंबडा आरवला, आता त्याला कोण झाकणार! हवालदार सनान गल्लीतून धावत आले, काय झालं ते न कळताच टाळ्या पिटायला लागले. मावशीनं आतून हाक मारली, "कोण मेलं गं?"

"कुणी नाही, मावशी! भावोजी राहतायत!"

"राहतायत म्हणजे? जाणार होते कुठं?"

तेव्हा कुठे तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, जावयाला जवळ बोलावलं, आणि सुरकुतलेला हात त्यांच्या गालावर ठेवून म्हणाली, "मला न विचारता जाणार होतात? तंगडी मोडून ठेवली असती. आणि ऐकलं का, गुडघ्याचे पैसे ती कंपनी द्यायची नाही."

इमिग्रेशनच्या कचेरीत विमा मागणारी बाई कडक म्हणून प्रसिद्ध आहे. तिनं कागद उलटा बघितला, सुलटा बघितला, भावोजींकडे बघितलं. "पंचाहत्तरीला आलात आणि नवीन विमा? कुणी दिला?" विरोत मागून पुढे झाला, पोट आत घेऊन म्हणाला, "मी काढला." असा रुबाब, की जणू बाळ त्यानंच जन्माला घातलं. बाईनं शिक्का उचलला आणि मारला. एवढा दणदणीत आवाज, की रांगेतल्या दोघातिघांनी वळून बघितलं. भावोजींनी पासपोर्ट मिटला नाही. शाई वाळेपर्यंत उघडाच हातात धरून ते बाहेर उन्हात उभे राहिले. मग कधी नव्हे ते मोठ्यानं गायला लागले, त्यांच्या वेल्सच्या भाषेत, घोगऱ्या पण भरदार आवाजात. कचेरीच्या दारातला पहारेकरी आधी बावरला, मग ताल धरायला लागला.

ती गोष्ट गल्लीतून गावात आणि गावातून किनाऱ्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्या गोऱ्यांपर्यंत गेली. आता भावोजींच्या ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतं. परवा एक डच बाई आली होती, सत्तरीची, तीन कंपन्यांनी नाकारलेली, रडवेली. भावोजींनी तिला खुर्ची दिली, विरोतला फोन लावला आणि म्हणाले, "बाई, आधी सांगा, कुठं काय दुखतं ते सगळं. एकही लपवू नका. मग बघू कोण नाही म्हणतं ते."

आतून मावशी ओरडली, "आधी माझा विडा!"